एकच आकडा, दोन मोजपट्ट्या



मधुमेह आता आपल्या व्यापारी कुटुंबांना नवा राहिलेला नाही. तपासणीचा अहवाल हाती आला की साखरेचा आकडा आपण रोजमेळ तपासावा तितक्या बारकाईने पाहतो. हिमोग्लोबिनची ओळ मात्र बहुधा वाचलीच जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय होय. पती-पत्नी दोघांचाही आकडा साडेबारा आला, तर पत्नी निकषात बसते. पती मात्र रक्तक्षयाचा रुग्ण ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया व २२ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत. स्त्रियांत मासिक पाळी, बाळंतपण आणि लोहाची कमतरता ही प्रमुख कारणे असतात. म्हणूनच घरातील स्त्रीचा थकवा ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिला जातो. पुरुषाच्या बाबतीत अशी शंकाही कोणी घेत नाही. वास्तविक पुरुषाचे, तसेच पाळी थांबलेल्या स्त्रीचे रक्त कमी होत असेल, तर पोटात कोठे रक्तस्राव होतो का, हे पाहणे अगत्याचे असते. मधुमेहात मूत्रपिंडे दुबळी झाली, तर रक्तनिर्मितीस चालना देणारे संप्रेरक कमी पडते. हा धोका दोघांनाही आहे.

याचा साखरेच्या हिशेबाशीही थेट संबंध आहे. लोहाच्या कमतरतेत तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा वास्तवापेक्षा जास्त दिसू शकतो. अलीकडे रक्तस्राव झाला असल्यास तो कमी दिसू शकतो. मूळ नोंदच चुकीची असेल, तर ताळेबंद कसा जुळावा?

आपण शाकाहारी असल्याने आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिननेही ते घटते. या जीवनसत्त्वाअभावी हातापायांना मुंग्या येतात आणि दोष मात्र साखरेला दिला जातो.

तेव्हा साखरेबरोबर हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह व ब-१२ पाहून घ्यावे. रक्ताची साधी तपासणी सांगवी फाट्यावरील जिल्हा रुग्णालयातही होते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतील, तर कडधान्ये, तीळ यांना लिंबाची जोड द्यावी. जेवणालगत चहा टाळावा. कारण कळण्याआधी लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत.

दुकानाचा हिशेब आपण दिवाळीला पुरा करतो. घरातील दोघांच्याही रक्ताचा हिशेब तरी वर्षातून एकदा, ज्याच्या त्याच्या मोजपट्टीने, अवश्य तपासावा.