काय वाढलं आणि काय गेलं

कुठलंही यंत्र 'नवीन आणि सुधारित' होऊन बाजारात आलं की त्यात काय काय वाढलं, ते सगळीकडे ओरडून सांगितलं जातं. काय गेलं त्याची यादी मात्र आपली आपणच करायची असते. निन्टेंडोचं 'स्विच २' हे हातात धरून खेळायचं यंत्र ५ जून २०२५ ला आलं आणि तेव्हापासून ही दुसरी यादी माझ्या डोक्यात घोळतेय. आज लिहूनच टाकतो.

आधी चांगल्याला चांगलं म्हणू. २०१७ च्या पहिल्या स्विचचा पडदा ६.२ इंचांचा होता, याचा ७.९ इंचांचा आहे आणि चित्र कितीतरी रेखीव दिसतं. आतली साठवण ३२ जीबीवरून थेट २५६ जीबी. बाजूचे कंट्रोलर आता रुळावर सरकवायचे नाहीत, लोहचुंबकाने खट्कन चिकटतात. तोच कंट्रोलर आडवा करून टेबलावर फिरवला की त्याचा माऊस होतो! एक नवीन 'सी' बटण आहे, ते दाबलं की खेळता खेळता मित्रांशी गप्पा मारता येतात. (त्या गप्पा ३१ मार्च २०२६ पर्यंत फुकट ठेवल्या होत्या, त्यापुढे वर्गणी.) आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुन्या स्विचचे बहुतेक खेळ यावर चालतात. पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त यंत्रं उगीच नाही खपली.

आता दुसरी यादी. अमेरिकेत पहिला स्विच ३०० डॉलरला आला होता, हा आला ४५० ला. बॅटरी कंपनीच्याच आकड्यांनुसार दोन ते साडेसहा तास. आधीचा ओएलईडी पडद्याचा स्विच साडेचार ते नऊ तास चालायचा. शिवाय ही बॅटरी आत गोंदाने पक्की चिकटवलेली आहे. चार-पाच वर्षांनी ती दमली की बदलताना नाकी नऊ येणार.

पण हे सगळं मी चालवून घेईन. मला खुपतंय ते 'गेम-की कार्ड'.

हा काय प्रकार आहे? दुकानातून खेळाचा डबा आणायचा. आत नेहमीसारखं छोटं कार्ड असतं, पण त्यात खेळ नसतोच! असते ती फक्त किल्ली. कार्ड खोचायचं, इंटरनेटवरून सगळा खेळ उतरवून घ्यायचा, आणि नंतरही खेळताना दर वेळी ते कार्ड खोचलेलं हवंच. सगळेच खेळ असे नाहीत. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' पूर्ण कार्डावर येतो, 'सायबरपंक २०७७' सारखा अवाढव्य खेळही ६४ जीबीच्या कार्डात बसवलाय. पण 'स्ट्रीट फायटर ६' आणि इतर कंपन्यांचे बरेच खेळ नुसती किल्ली देतात.

त्यांची बाजूही ऐकू. मोठ्या क्षमतेची वेगवान कार्डं महाग पडतात, हे खरं. नुसतं डाउनलोड विकत घेण्यापेक्षा ही किल्ली बरीच म्हणायची, कारण ती मित्राला देता येते, विकताही येते. मान्य. पण किल्ली दिली आणि ज्या घराची ती किल्ली, ते घरच उद्या पाडलं तर?

ही नुसती शंका नाही. २००८ साली निन्टेंडोने 'डीएसआय' आणलं. त्यात दोन कॅमेरे आले, एसडी कार्डाची सोय आली, खेळ उतरवून घ्यायचं दुकान आलं. गेली ती जुन्या 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स'च्या खेळांची खाच. म्हणजे हातातली वस्तू गेली आणि दुकान आलं. ते दुकान ३१ मार्च २०१७ ला बंद झालं. त्यानंतरच्या 'थ्रीडीएस'च्या दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबली. तर मंडळी, दुकानाचं आयुष्य असं असतं.

याउलट आमच्या घरातला गेम बॉय बघा. नव्वदच्या सुमारास काकांनी परदेशातून आणला, चार पेन्सिल सेलवाला. आधी दादा, मग ताई, मग मी, मग धाकटी आत्तेभावंडं. शाळेची पुस्तकं आणि दप्तरं जशी खाली उतरत गेली तसाच तोही. त्यातली टेट्रिसची कॅसेट आजही चालते. सगळ्याच जुन्या कॅसेटी अमर नसतात म्हणा. पोकेमॉनसारख्या ज्या कॅसेटींमध्ये खेळ जपून ठेवायला आत सेल असतो, तो मेला की जपलेलं सगळं पुसलं जातं. पण सेल नवा बसवला की कॅसेट पुन्हा कामाला लागते. त्यासाठी क्योतोमधल्या कुणाची परवानगी लागत नाही.

डाउनलोड केलेल्या खेळांसाठी आता 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आहे. ते आपल्या कौटुंबिक गटातल्या कुणाला उसनं देता येतं, पण दोन आठवड्यांपुरतं. मुदत संपली की आपोआप परत. उसनं द्यायला दोन्ही यंत्रंही शेजारी शेजारी हवीत. न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने पुण्यातल्या मामेबहिणीला खेळ द्यायचा तर आधी विमानाचं तिकीट काढायचं का? आपल्याकडे 'तुझं झालं की तिला दे' एवढं म्हटलं की काम व्हायचं. कुटुंब म्हणजे कोण आणि उसनवारी किती दिवसांची, हे आता कंपनी ठरवते.

म्हणून माझं मत साधं आहे. पडदा किती इंची, चित्र किती सुरेख, हे बघा जरूर. पण वस्तू आपली आहे की नाही, हे ती पुढच्याला देता येते का यावरून ठरवा. स्विच २ यंत्र म्हणून उत्तमच आहे, घ्यायचं असेल तर घ्या.

आणि ताई, वाढदिवसाला खेळ घेशील तेव्हा डब्याच्या दर्शनी बाजूला खाली बघ. गेम-की कार्ड असेल तर तिथे किल्लीचं चित्र छापलेलं असतं. ते दिसलं तर डबा परत ठेव आणि पूर्ण कार्डावरचा दुसरा एखादा घे. पोराचा खेळून झाला की इकडे पाठव, इथे रांग लागलेली आहे.