प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे!

जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण आहे. पाऊसकाळ चांगला झाला, धरण भरले की दरवाजे उघडून पाणी सोडावे लागते. नाही सोडले तर भिंतीलाच धोका. हे येलदरीच्या शाळकरी पोरालाही कळते. राज्यकर्त्यांना मात्र कळत नाही. जनतेने प्रश्न विचारला की त्यांना राज्यावर संकट आल्यासारखे वाटते. आणि विचारणारा आमच्या वस्तीतला असेल तर तो थेट समाजकंटक ठरतो!

हा अनुभव याच परभणी जिल्ह्याने घेतला आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याला मारहाण झाली नाही, श्वसनाचा आजार होता, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण होते.

सत्तेचे उत्तर मिळाले होते. तेच खरे मानून घरी बसायचे होते. पण सोमनाथची आई बसली नाही. सरकारने देऊ केलेली मदत तिने नाकारली. मुलगा कशाने गेला, एवढाच तिचा प्रश्न होता. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा नोंदला जात नव्हता. ती हायकोर्टात गेली. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी तिची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात धावले. ३० जुलैला तेथेही हरले. दोषी कोण हे खटल्यात ठरेल. पण विधानसभेतले उत्तर शेवटचे नसते, हे एका गरीब आईने सिद्ध केले.

काही शहाणे म्हणतात, अशा प्रश्नांनी पोलिसांचे मनोधैर्य खचते. प्रामाणिक पोलिसाचे का खचावे? उलट दोषी वेगळा काढला तरच त्याची वर्दी स्वच्छ राहते. १९८६ साली पश्चिम बंगालमधून डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंबाबत सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिले. त्यातूनच १९९६ चा निकाल आला. अटकेची खबर नातेवाइकांना देणे, अटकेचा पंचनामा करणे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे पोलिसांवर बंधनकारक झाले. पत्र एकाचे, संरक्षण सर्वांचे! आज कोणत्याही जातीच्या माणसाला अटक झाली तरी तो त्या पत्राचा लाभार्थी आहे.

मात्र प्रश्न कसा विचारायचा, हेही आपण तपासले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन इशारे दिले. संविधानाचे मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग नकोत, आणि राजकारणात भक्ती नको. परभणीतल्या दगडाने सरकारला निमित्त दिले, आईच्या याचिकेने सरकारला उत्तर द्यायला लावले. यातला फरक तरुणांनी लक्षात ठेवावा. दुसरा इशारा तर आपल्यालाही लागू आहे. आपल्या पुढाऱ्याला आपण प्रश्न विचारतो का? विहाराच्या वर्गणीचा हिशेब मागतो का?

आणि प्रश्न विचारायला कुणी मरण्याची वाट पाहू नये. येलदरीचे पाणी सिद्धेश्वर धरणात जाते, तेथून कालव्यांनी शेतात. धरण भरलेले असताना कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही? दलित वस्तीचा निधी कुठे खर्च झाला? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये माफ आहेत. जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत फक्त ४८ तासांची!

बांधवांनो, संविधानाची प्रतिकृती काचेत राहते, संविधान मात्र विचारणाऱ्याच्या जिभेवर जगते. पुढच्या ग्रामसभेत एक तरी प्रश्न विचारा. आणि उत्तर लेखी मागा!