चित्रपटगृहाची वाट का सुटली?

साठी ओलांडलेला रुग्ण प्रथमच दवाखान्यात येतो, तेव्हा भूक, झोप, शौच, चालू औषधे यांची विचारपूस ठरलेलीच असते. त्या ओघात मी आणखी एक प्रश्न विचारतो : ‘चित्रपटांची आवड आहे का? चित्रपटगृहात शेवटचे केव्हा गेला होता?’ अनेकांना ही गप्पांची सुरुवात वाटते. वस्तुतः तो तपासणीचाच भाग आहे.

घरी दूरचित्रवाणीसमोर बसण्यास फारसे सायास लागत नाहीत. चित्रपटगृहात मात्र जिने चढावे लागतात, अंधारात पायरी ओळखावी लागते, अडीच-तीन तास एका जागी बसावे लागते, संवाद नीट ऐकू यावे लागतात आणि मध्यंतरापूर्वीचे कथानक नंतर आठवावे लागते. गुडघे, डोळे, कान, मूत्राशय, स्मरणशक्ती आणि मनाचा उत्साह या साऱ्यांची तेथे एकाच वेळी परीक्षा होते. म्हणून नेमाने चित्रपट पाहणारा माणूस जाणे थांबवतो, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून विषय संपवू नये. कारण शोधावे.

माझे एक रुग्ण निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ‘पिंजरा’ (१९७२) हा त्यांचा सर्वांत आवडता चित्रपट. त्यातील आदर्श मास्तरांच्या अधःपाताविषयी ते तासभर बोलू शकतात. त्याखालोखाल ‘सामना’ आणि ‘सिंहासन’. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद आणि डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. त्यामुळे ‘तुम्हां डॉक्टरांची औषधे कडू, चित्रपट मात्र उत्तम’, अशी थट्टाही ते करतात. पंधरवड्यातून एकदा पत्नीसह चित्रपट पाहण्याचा त्यांचा नेम मध्यंतरी तुटला. ‘आता पूर्वीसारखे चित्रपट निघत नाहीत’, हे त्यांचे उत्तर घरच्यांना पटलेही. खरे कारण निराळे होते. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे त्यांना तासाभराने लघवीस जावे लागे. भरल्या रांगेतून, लोकांचे गुडघे चुकवीत दोनदा उठावे लागले, त्याची त्यांना लाज वाटली होती. पत्नीलाही त्यांनी हे सांगितले नव्हते. आणि त्या न सांगितलेल्या तक्रारीपायी तिचेही घराबाहेर पडणे थांबले होते. तपासण्या होऊन औषध सुरू झाले आणि काही आठवड्यांत त्रास बराच कमी झाला.

इतर कारणेही रुग्णाच्या बोलण्यातून कळतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’, हे वयोमानाने ऐकू कमी येऊ लागल्याचे लक्षण असते. ‘पायऱ्या दिसत नाहीत, दिव्यांनी डोळे दिपतात’, असे कोणी म्हणाले तर मोतीबिंदू तपासावा. ‘गोष्टीचा धागा सुटतो’, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. तथापि थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, आणि ती भरून काढता येते. ‘कशातच गोडी वाटत नाही’, ही तक्रार दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर नैराश्याचा विचार करावा.

या शेवटच्या दोन व्याधी समजून घेण्यासाठी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे दोन चित्रपट मी आवर्जून सुचवितो. ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. ‘कासव’ ही नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाची कथा असून तिला राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ लाभले. उपदेशाविना सोबत कशी करावी, हे दोन्ही चित्रपट शिकवितात.

बाहेर पडण्याचे महत्त्व संशोधनातही दिसते. इंग्लंडमधील पन्नाशीपुढील २,१४८ व्यक्तींचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चित्रपट, नाटक, संग्रहालय अशा ठिकाणी महिन्यातून एकदा तरी जाणाऱ्यांत नैराश्याचा धोका, अजिबात न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ४८ टक्के कमी आढळला. एवढ्यावरून चित्रपट हे औषध ठरत नाही. परंतु कपडे करून निघणे, सोबत शोधणे, चारचौघांत हसणे आणि परतताना त्यावर वाद घालणे यांचे मोल घरातल्या पडद्याने भरून निघत नाही, असा माझाही अनुभव आहे.

ज्येष्ठांसाठी काही सूचना :

• दुपारचा खेळ निवडावा. रांगेच्या कडेची, कमी पायऱ्यांची जागा घ्यावी.
• दिवे मालवण्यापूर्वी बसावे आणि दिवे लागल्यावरच उठावे.
• मध्यंतरात पाच मिनिटे चालावे. अन्यथा पाय जड होतात.
• मधुमेह असल्यास जेवणाची व औषधाची वेळ चुकवू नये. रक्तदाब असल्यास खारट पॉपकॉर्न टाळावे.
• लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून गोळी चुकवू नये.
• वातानुकूलित गारव्यासाठी शाल जवळ ठेवावी.

आणि मुलासुनांना एक विनंती. आई-वडिलांच्या हाती मोबाइल देऊन ‘यात सगळे चित्रपट आहेत’, असे सांगण्यापूर्वी, ते चित्रपटगृहात का जाईनासे झाले, हे जवळ बसून विचारा. पहिले उत्तर बहुधा खरे नसते. दुसऱ्याची वाट पाहा.