‘चार्मिंग’ कोण आणि ‘भामटा’ कोण?

पुण्यात हल्ली मराठी बोलतानाही माणसाच्या गोडव्याला इंग्रजी नाव लागतं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत, हिंजवडीच्या ऑफिसात, अगदी स्थळं सुचवणाऱ्या मावशींच्या तोंडीसुद्धा. मुलगा ‘चार्मिंग’ आहे. बॉस ‘स्मूथ’ आहे. जरा जास्तच गोड असेल तर ‘स्लिक’, आणि एकाच वेळी तिघींना फिरवतो असं कळलं तर ‘प्लेयर’. या शब्दांत तक्रार असते, पण तिला अत्तर लावलेलं असतं. ज्याला ‘स्मूथ ऑपरेटर’ म्हणावं तो रागावत नाही, गालातल्या गालात हसतो. त्यालाच एकदा ‘लबाड’ म्हणून बघा.

आपल्या भाषांना गोडव्याचा संशय पूर्वीपासूनच आहे. ‘लाघवी’सारखा निर्मळ शब्द सोडला, तर ‘गोडबोल्या’, ‘साखरपेरणी’, ‘भुरळ घालणे’ या सगळ्यांच्या पोटात सावधगिरीची सूचना आहे. आमच्याकडे उर्दूत ‘चर्बजुबान’ म्हणतात. चर्ब म्हणजे तुपकट. मराठीतली चरबी त्याच घराण्यातली. ज्याच्या जिभेलाच चरबी लागली आहे असा माणूस. हा शब्द कानावर पडला की ऐकणारा आपसूक खिसा चाचपतो. इंग्रजी ‘चार्म’चाही जुना अर्थ मंत्रतंत्र, जादूटोणा असाच होता, पण तो अर्थ आता दागिन्यांच्या दुकानात आणि परीकथांत उरला आहे.

हे शब्द काय करतात ते बघायचं तर चार्ल्स शोभराजचं प्रकरण काढावं. आशियात फिरायला आलेल्या पाश्चात्त्य तरुणांशी ओळख काढायची, त्यांना औषध पाजायचं, लुटायचं, आणि काहींना मारून टाकायचं, असा त्याचा 1970च्या दशकातला धंदा. मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी 1971 मध्ये त्याला मुंबईत पकडलं होतं. मार्च 1986 मध्ये तो तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून पळाला, आणि तीनच आठवड्यांत झेंड्यांनीच त्याला गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात धरलं. पुढे 2004 मध्ये नेपाळच्या न्यायालयाने त्याला खुनासाठी जन्मठेप दिली. एवढं सगळं होऊनही इंग्रजीत त्याच्याविषयी काहीही वाचायला घ्या, ‘चार्मिंग’ हा शब्द भेटतोच. त्या हॉटेलाने तर त्याचा पुतळा बसवला, पर्यटक शेजारी बसून फोटो काढायचे. त्याच्यावरची ‘द सर्पंट’ ही मालिका 2021 मध्ये आली. झेंड्यांवरचा सिनेमा यायला 2025 उजाडलं.

मला प्रश्न पडतो, यात मोहिनी कुठे होती? पेल्यात औषध होतं. मिठाईत औषध होतं. ‘चार्मिंग’ म्हटलं की हे सगळं धूसर होतं आणि मेलेली माणसं जणू आपखुशीने त्याच्यामागे गेली असं वाटू लागतं.

‘कॉनमॅन’चं तेच. 1849 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा इसम पकडला गेला. चांगले कपडे घालून तो सभ्य अनोळखी माणसांशी बोलायचा आणि विचारायचा, माझ्यावर एवढा विश्वास आहे का की तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवाल? लोक द्यायचे. वर्तमानपत्राने त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं, त्याचं पुढे ‘कॉनमॅन’ झालं. म्हणजे चोराला नाव मिळालं ते विश्वासाचं, आणि हसू झालं ते विश्वास ठेवणाऱ्याचं.

आपल्या समाजातलं उदाहरणही द्यायला हवं. बंगळुरूच्या आयएमए प्रकरणात 2019 मध्ये हजारो लोकांचे पैसे बुडाले, आणि त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. व्याज हराम म्हणून बँकेत ठेव न ठेवणाऱ्या माणसांना ‘हलाल’ नफ्याचं आमिष दाखवलं होतं. कुणी मुलीच्या लग्नाचे पैसे टाकले होते, कुणी निवृत्तीचे. तिथे कुणाला ‘चर्बजुबान’ हा शब्द आठवला नाही, कारण बोलणं इन्शाअल्लाहने सुरू होत होतं आणि दुआने संपत होतं. धार्मिक बोली हीसुद्धा एक प्रकारची इंग्रजीच. ती बोलणाऱ्यावर संशय घेणं अशिष्ट वाटतं.

आता उलटी बाजू. कोणत्याही दिवशीचं मराठी वर्तमानपत्र उघडा. ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’, ‘सायबर भामट्यांचा लाखोंचा गंडा’. भामटा ही जमात आहे. भामटा आणि राजपूत भामटा ही दोन्ही नावं महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांतली ही एक. त्याच विमुक्त यादीत छप्परबंदही आहेत, आणि त्यांत मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यावर शिक्का होता खोटी नाणी पाडणारे म्हणून. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. मथळा राहिला.

‘ठग’चा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे ठग म्हणजे गोड बोलून फसवणारा. स्लीमनच्या मोहिमा आणि मेडोज टेलरची 1839 ची कादंबरी यांतून हा शब्द विलायतेत गेला आणि तिथे त्यातला गोडवा गळून नुसती दंडेली उरली. आज अमेरिकेत ‘थग’ हा शब्द बहुतेकदा काळ्या तरुणाच्या वाट्याला येतो. रिचर्ड शर्मन या फुटबॉलपटूने 2014 मध्ये त्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. गोड बोलणं हा गुण काळ्या-सावळ्या गरिबाकडे असू शकतो, हे इंग्रजीला बहुधा पटलं नसावं.

आपल्याला तरी कुठे पटतं? कोरेगाव पार्कातला, इंग्रजी फाडफाड बोलणारा मुलगा मुलीशी अदबीने वागला तर तो चार्मिंग. कोंढव्यातला एखादा सलीम तसाच वागला, तशीच फुलं घेऊन गेला, तर क्रियापद बदलतं: ‘फूस लावली’, ‘जाळ्यात ओढलं’. त्याचा गोडवा हाच पुरावा होतो. आणि ती मुलगी दोन्हीकडे बिनडोकच ठरते, तिला स्वतःला कुणी आवडू शकतं हा विचार कुणाला शिवत नाही.

फसवणारे सलीमही असतात, समीरही असतात. कुणी फसवलं असेल तर काय केलं ते लिहावं: खोटं नाव सांगितलं, आधीचं लग्न लपवलं, चेक वटला नाही. त्यासाठी ‘फसवणूक’ हा शब्द मराठीत आहे आणि कायद्यातही आहे. 420 कलम जाऊन जुलै 2024 पासून 318 आलं तरी तो शब्द तोच राहिला. उपसंपादकाला मथळ्यात जागा कमी असते हे मला मान्य आहे. ‘चोर’ दोनच अक्षरी आहे, आणि तो कुणाच्या जातीच्या दाखल्यावर छापलेला नाही.