वाऱ्याशी झुंज आणि स्वदेशीचे गणित

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'ची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. मोटार उभारण्याचे सामर्थ्य या देशात आहे, हे सिद्ध करण्याची जिद्द त्यामागे होती. आज तो कारखाना उरलेला नाही. देशात धावणारे ट्रक मात्र बव्हंशी येथेच बनतात. पण त्यांच्या टाकीतील इंधनाचे काय? आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आपण आयात करतो. आपली स्वदेशी डिझेलच्या टाकीपाशी येऊन थांबते.

या परावलंबनाचा एक भाग आपण अक्षरशः वाऱ्यावर उधळीत आहोत. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कोंडीत हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला आहे. असे द्रुतमार्ग वाढत असताना ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या अवजड ट्रकचा चौकोनी माथा, केबिन व हौदा यांतील फट आणि फडफडणारी ताडपत्री डिझेल गिळत असतात.

यावरील उपाय अवघड नाहीत. अमेरिकेच्या 'नासा'ने १९७०च्या दशकात एका खोक्यासारख्या गाडीच्या कडा गोल केल्या, तेव्हा हवेचा रोध निम्म्याने घटला. केबिनच्या टपावर वारा वळवणारे आवरण, बाजूंना झडपा, घट्ट बांधलेली ताडपत्री एवढ्यानेही फरक पडतो. वर्षाला एक लाख किलोमीटर धावणारा ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो असे धरले, तर त्याला २५,००० लिटर डिझेल लागते. त्यात ५ टक्के बचत झाली तरी १,२५० लिटर वाचतील. लिटरला ९० रुपये दराने ही रक्कम १,१२,५०० रुपये होते. एक-दोन ट्रकांवर संसार चालविणाऱ्या मालकासाठी ही रक्कम लहान नव्हे.

मग हे घडत का नाही? आपल्याकडे अनेक ट्रक केवळ चासीच्या रूपात विकले जातात आणि त्यांवर बॉडी चढवितात गावोगावचे छोटे कारागीर. २०१७ साली अवजड वाहनांसाठी इंधन-कार्यक्षमतेचे निकष अधिसूचित झाले. पण कारखान्यातील निकषाचे पुण्य कारागिराच्या हातोड्याखाली विरून जाऊ शकते. यावर सगळी बॉडी कंपन्यांनीच बांधावी, असा सोपा मार्ग सुचविला जातो. तो स्वीकारला तर हजारो कुशल हातांचा रोजगार जाईल. दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाला दिलेली राष्ट्रहित, उद्योगहित आणि श्रमिकहित यांची सांगड येथे विसरून चालणार नाही.

म्हणून ज्ञान कारागिरापर्यंत गेले पाहिजे. पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेने तपासलेले साधे आराखडे मराठीत, मोजमापांसह, प्रत्येक बॉडी-कारखान्यात पोहोचावेत. बँकांनी ट्रकच्या कर्जातच या आवरणांचा खर्च धरावा. आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी बचतीचे हिशेब आपल्या सभासदांपुढे मांडावेत. मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमिक दिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी अवजारांच्या पूजेबरोबर एक प्रशिक्षण वर्गही भरविला, तर ते पूजन अधिक सार्थ होईल. वाचलेला प्रत्येक लिटर ही राष्ट्राच्या स्वावलंबनातील ठेवच आहे.