मोडीचे प्रमाणपत्र पुरे, आता वाचन हवे

मोडी शिकविणारे वर्ग अलीकडे ठिकठिकाणी भरू लागले आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु मोडी वाचणारे त्या प्रमाणात वाढले आहेत काय? कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, गावोगावची जुनी दप्तरे बाहेर निघाली, आणि मोडी वाचकांची उणीव साऱ्या महाराष्ट्राच्या ध्यानी आली. कागद समोर पडलेला, आणि तो वाचून देणारा माणूस मात्र परगावाहून येईपर्यंत थांबायचे, असा प्रकार झाला.

प्रस्तुत लेखकाने असा एक वर्ग केला आहे. दहा दिवस मुळाक्षरे, बाराखडी, छापील उतारे. अखेरीस परीक्षा आणि प्रमाणपत्र. घरी येऊन मोठ्या उत्साहाने माळ्यावरची पणजोबांची गुंडाळी उलगडली आणि पहिल्याच ओळीत अडलो. प्रमाणपत्र अद्याप कपाटात आहे.

दोष शिक्षकांचा नव्हता. मोडीची अक्षरे आठवड्यात येतात. कागद येत नाही. शिरोरेघ आधी आखून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे, शब्दांत अंतर ठेवायचे नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, ही त्या लेखनाची रीत. त्यामुळे शब्द कोठे संपला हे डोळ्यांना दिसत नाही, ते अर्थावरून ताडावे लागते. आणि अर्थ कळायला जमीनमहसुलातील फारसी-अरबी शब्द, संक्षेप, मायने ठाऊक हवेत. साधी तारीख घ्या. ‘सन समान सबैन मया व अलफ’ असे कागदावर असते. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. हा झाला शुहूर सन ११७८, म्हणजे इसवी सन १७७७-७८. हे वर्ष मृगापासून सुरू होते, तेव्हा महिना पाहिल्याविना इसवी सन ठरत नाही. हे सारे जाणत्याच्या शेजारी बसून, त्याची शंका आणि त्याची चूकही पाहूनच शिकता येते.

म्हणून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवावीशी वाटते. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेल्या या संस्थेत लाखो मोडी कागद आहेत. मंडळाने वर्षातून एकदा पंधरा दिवसांची निवासी वाचन-कार्यशाळा भरवावी. प्रवेश केवळ मुळाक्षरे येणाऱ्यांना. संख्या वीसच्या वर नको. चार-पाच जणांच्या गटाला एक ज्येष्ठ वाचक आणि एक अप्रकाशित रुमाल द्यावा. सकाळी वाचन, दुपारी लिप्यंतर, सायंकाळी सर्वांसमोर तपासणी. जे अक्षर लागले नाही तेथे जागा मोकळी सोडावी, अंदाज ठोकू नये, हा नियम कडक असावा. (आम्हा पत्रकारांना तो विशेष जड जाईल!) शेवटी निवडक कागद मंडळाच्या पाक्षिक सभेत वाचले जावेत आणि त्रैमासिकात छापले जावेत.

संगणक हे काम करील, असे काहींचे म्हणणे आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत रूपांतर करणारी प्रणालीही मांडली. स्वागतच आहे. पण यंत्राला शिकवायला माणसाने अचूक वाचलेली पाने लागतात, आणि यंत्र चुकले हे सांगायलाही वाचणाराच लागतो. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेही अनेक वाचकांच्या डोळ्यांच्या जोरावर. आज त्या तोडीचे वाचक बहुधा सत्तरीच्या पुढचे आहेत; म्हणून ही कार्यशाळा येत्या दिवाळीच्या सुटीतच व्हावी, असा आग्रह आहे.

खर्चाचा प्रश्न निघेल. वीस जणांचे पंधरा दिवसांचे भोजन आणि ज्येष्ठांचे मानधन एवढाच तो आहे. सदाशिव पेठेच्या परिसरातील घरांनी दोन-दोन पाहुणे ठेवून घेतले तर निवासाची चिंता उरणार नाही. मंडळाने होकार द्यावा. पणजोबांची गुंडाळी घेऊन प्रस्तुत लेखक पहिल्या दिवशी हजर राहील.