गव्हले, नखुले आणि पास्ता

आंबा घातलेला पास्ता हल्ली नवलाई म्हणून सांगितला जातो. सातारा-सांगलीकडच्या घरांना त्यात नवल वाटू नये. खपली गव्हाच्या शेवया शिजवून आमरसाबरोबर खाणे ही तिथली उन्हाळ्यातली जुनी रीत. इटलीत ‘फार्रो’ म्हणून मिरवणारे धान्य ते हेच खपली. आणि पास्त्याचा ड्यूरम गहू म्हणजे आपला बन्सी.

चवीचे राहू द्या. मला खटकते ते भाषेचे. इटालियनांनी पास्त्याला आकारावरून नावे दिली: ओर्झो म्हणजे जव, वर्मिचेल्ली म्हणजे बारीक अळ्या. (भूक मारणारे नाव, पण टिकले!) आपल्या बायकांनीही तेच केले. गव्हाच्या दाण्यावरून गव्हले, नखावरून नखुले, बोटावरून बोटवे, शिवाय मालत्या. आज एम.ए.च्या वर्गात ‘पेन्ने’ सर्वांना ठाऊक असते, ‘मालत्या’ एखाद-दुसऱ्याला.

जात्यावरच्या ओव्या आपण अभ्यासक्रमात आणल्या, हे योग्यच झाले. पाटावरची शब्दसंपदा मात्र गृहशास्त्राकडे सोपवून मोकळे झालो. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याच्या मापात नेमके, निरलंकार गद्य घरोघरी पोहोचवले, आपल्या गद्याच्या इतिहासांत त्याची दखल किती?

प्रकल्पांना विषय मिळत नाहीत, अशी तक्रार आपणच करतो. उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांनी आजीजवळ बसून वाळवणाची नावे आणि तिंबणे, वळणे, ताणणे ही क्रियापदे तिच्या उच्चारासह टिपून आणावीत. शेवयांचे यंत्र गावोगावी पोहोचले आहे. हाताने वळणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत.